‘वॉज हॅपन्ड’ पुन्हा पुन्हा का येतं आणि ते कसं घालवायचं

“सात रस्त्याजवळ अपघात झाला” हे इंग्रजीत लिहायचं म्हटलं की कागदावर हमखास उतरणारं वाक्य म्हणजे “ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर सात रस्ता.” दहावीच्या वहीत ते सापडतं, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सापडतं, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकाला गेलेल्या ई-मेलमध्येही सापडतं. कुणीतरी ‘वॉज’ खोडतं, तेवढं वाक्य सुधारतं आणि आठ दिवसांनी ‘वॉज’ परत येऊन बसतो. मूळ आपल्या ‘झालं’मध्ये आणि ‘होतं’मध्ये आहे. तिथे हात घातल्याशिवाय ही चूक हटत नाही. म्हणून आधी ती येते कुठून ते पाहू, मग दोन चाचण्या, मग बाकीच्या खोड्या.

‘वॉज’ शिरतो दोन वाटांनी

पहिली वाट ‘आहे’ आणि ‘होतं’ची. मराठीत आपण म्हणतो “अपघात झाला आहे”, “अपघात झाला होता.” ‘आहे’ म्हणजे ‘इज’ आणि ‘होता’ म्हणजे ‘वॉज’ हे पहिलीपासून पाठ असतं. त्यामुळे “झाला आहे”चं “इज हॅपन्ड” होतं आणि “झाला होता”चं “वॉज हॅपन्ड”. इंग्रजीत मात्र या जागी ‘हॅव’चं कुटुंब लागतं: “झाला आहे” म्हणजे “हॅज हॅपन्ड”, “झाला होता” म्हणजे “हॅड हॅपन्ड”, नुसतं “झाला” म्हणजे नुसतं “हॅपन्ड”. सोलापुरात ही वाट आणखी रुंद होते, कारण घरात कन्नड बोलणाऱ्याच्या जिभेवर ‘आगिदे’ आणि ‘आगित्तु’ असतं आणि त्यातही ‘इदे’ म्हणजे आहे, ‘इत्तु’ म्हणजे होतं. दखनी-हिंदीतल्या ‘हुआ है’, ‘हुआ था’चंही तेच. घरची भाषा कोणतीही असो, बहुतेकांना तीच ‘आहे-होतं’ची जोडी इंग्रजीत ओढून नेते.

दुसरी वाट शाळेतल्या ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइसच्या (कर्तरी-कर्मणी प्रयोगाच्या) सरावाची. ‘द लेटर वॉज रिटन’, ‘द ब्रिज वॉज बिल्ट’ अशी वाक्यं इतकी घोटली जातात की घटना सांगायची म्हणजे ‘वॉज’ लावून क्रियापदाचं तिसरं रूप ठेवायचं, अशी हाताला सवय लागते. बातम्यांत तर पॅसिव्ह पावलोपावली असतो. मग ‘हॅपन’लाही तोच साचा चढतो.

या दोन वाटांपैकी आपली कोणती, ते ओळखता येतं. “हे कधी घडलं?” असं विचारल्यावर तुम्ही “इट वॉज हॅपन्ड बिफोर दॅट” असं म्हणत असाल आणि मनात “त्याआधी घडलं होतं” असं असेल, तर वाट पहिली. उपाय: ‘वॉज’ काढून ‘हॅड’ घाला. मनात साधं “काल घडलं” असेल आणि तरी ‘वॉज’ येत असेल, तर वाट दुसरी. तिथे ‘वॉज’ नुसता काढायचा, जागी काहीच घालायचं नाही.

‘गेला’ची चाचणी

‘हॅपन’ला ‘वॉज’ का चालत नाही, याचं उत्तर मराठीतच आहे. आपल्याकडे ‘घडणे’ आणि ‘घडवणे’ अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. घडणे आपोआप होतं, त्याला कर्म नाही. घडवणे कुणीतरी करतं. “दंगल घडली” आणि “दंगल घडवली” यांतला फरक सोलापुरातलं लहान मूलही ओळखतं. इंग्रजी ‘हॅपन’ म्हणजे फक्त घडणे. ‘घडवणे’ त्यात बसतच नाही. त्यासाठी ‘कॉज’, ‘ब्रिंग अबाउट’ किंवा ‘मेक इट हॅपन’ लागतं. “ही हॅपन्ड द ॲक्सिडेंट” हे म्हणूनच चुकीचं आणि “ही कॉज्ड द ॲक्सिडेंट” बरोबर. जे क्रियापद कुणी कशावर करतच नाही, त्याचा पॅसिव्ह कशाचा होणार?

म्हणून ‘वॉज’ लिहिण्याआधी मराठी वाक्याच्या शेवटी ‘गेला, गेली, गेलं’ लावून बघा.

“सभा घेतली गेली.” कानाला ठीक लागतं. म्हणजे ‘वॉज’ येणार: “द मीटिंग वॉज हेल्ड.”

“पूल बांधला गेला.” ठीक. “द ब्रिज वॉज बिल्ट.”

“अपघात घडला गेला.” कान लगेच नाही म्हणतो. म्हणजे ‘वॉज’ नाही: “द ॲक्सिडेंट हॅपन्ड.”

“माणूस मेला गेला.” नाही. म्हणून “ही वॉज डाइड” नाही, “ही डाइड.”

“दागिने चोरले गेले.” ठीक. “द ऑर्नमेंट्स वेअर स्टोलन.” पण “दागिने नाहीसे झाले गेले” नाही, म्हणून “द ऑर्नमेंट्स डिसअपिअर्ड”, त्यात ‘वेअर’ नको.

या चाचणीची एक मर्यादा आहे. मराठीत “माझ्याकडून हसलं गेलं”, “नकळत बोललं गेलं” असंही आपण म्हणतो, आणि इंग्रजीत ‘वॉज लाफ्ड’ एवढ्यावर थांबता येत नाही. ‘माझ्याकडून… गेलं’ या धर्तीची वाक्यं चाचणीत घेऊ नका. घटनांच्या क्रियापदांना मात्र ती चांगली लागू पडते. ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘टेक प्लेस’, ‘अपिअर’, ‘डिसअपिअर’, ‘अराइझ’, ‘डाय’, ‘एक्झिस्ट’, ‘कम इंटू बीइंग’ ही सगळी एकाच घरची. ‘वॉज’ लावून तिसरं रूप ठेवण्याचा साचा यांतल्या कुणालाच चालत नाही.

त्यांतलं ‘टेक प्लेस’ जास्त फसवतं. ‘टेक’ला तर कर्म लागतं, मग “वॉज टेकन प्लेस” का नाही? कारण कर्म आधीच आत बसलेलं आहे: ‘प्लेस’. त्यामुळे नेहमी लागणारी रूपं चार: ‘टेक्स प्लेस’, ‘टुक प्लेस’, ‘हॅज टेकन प्लेस’, ‘विल टेक प्लेस’. ‘टेक्स’ आणि ‘प्लेस’ यांच्या मध्ये ‘द’ आला तर अर्थच बदलतो. ‘टेक द प्लेस ऑफ’ म्हणजे एखाद्याच्या जागी येणं.

एक पळवाट राहते, ती लक्षात असू द्या. ‘वॉज हॅपनिंग’ बरोबर आहे. तिथे ‘वॉज’ पॅसिव्हचा नसून चालू काळाचा आहे: “घडत होतं.” घोळ फक्त ‘वॉज’ आणि ‘-ईडी’ शेजारी आले की होतो.

‘वॉज’ खोडल्यावर निघणारी उलटी चूक

‘हॅपन’चा ‘वॉज’ काढायला सांगितलं की अनेकांच्या हातून तो ‘हेल्ड’चाही निघतो. मग नोटिशीत येतं: “द ॲन्युअल मीटिंग हेल्ड ऑन मंडे.” हे वाक्य अपुरं आहे. सभा स्वतःला घेत नाही, तिला कुणीतरी घेतं, म्हणून ‘वॉज हेल्ड’. पुढे होणार असेल तर ‘विल बी हेल्ड’, चालू असेल तर ‘इज बीइंग हेल्ड’, दर वर्षी होत असेल तर ‘इज हेल्ड एव्हरी इयर’.

ठरवून केलेल्या कार्यक्रमाला ‘हॅपन’ व्याकरणात बसतं आणि बोलताना चालूनही जातं, पण लेखी मजकुरात ते सैल वाटतं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा होते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर गड्डा ही जत्रा भरते. या तिन्हींना ‘हॅपन्स’ लावू नका. “द यात्रा टेक्स प्लेस एव्हरी जानेवारी” किंवा “द गड्डा फेअर इज हेल्ड एव्हरी जानेवारी” लिहा. “इज हॅपनिंग एव्हरी इयर” तर अजिबातच नाही. दर वर्षीच्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ लागतो. ‘हॅपन’ राखून ठेवा अचानक, न ठरवता घडलेल्या गोष्टींसाठी.

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ही निवड फार दिसते. सोलापूरचंच उदाहरण घेऊ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. ‘दिली गेली’ कानाला पटतं, म्हणून “द फोर मार्टर्स वेअर हँग्ड ॲट येरवडा ऑन १२ जानेवारी १९३१.” माणसाला फाशी देण्याच्या अर्थी ‘हँग्ड’ लिहायचं, ‘हंग’ नाही. घटनेवर भर द्यायचा तर “द हँगिंग टुक प्लेस ॲट येरवडा.” त्याआधी १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लावला गेला: “मार्शल लॉ वॉज इम्पोज्ड.” “मार्शल लॉ वॉज हॅपन्ड” लिहिलं की लावणारं सरकारच वाक्यातून निघून जातं, आणि वाक्यही चुकतं. तसंच महापालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली: “वॉज एस्टॅब्लिश्ड” किंवा “केम इंटू बीइंग”. “वॉज केम” नाही.

वाक्याच्या पोटात लपलेली चूक

‘वॉज’ काढायला शिकलेले लोकही इथे अडकतात. “काल घडलेला अपघात गंभीर होता.” याचं होतं “द ॲक्सिडेंट हॅपन्ड येस्टरडे वॉज सीरियस.” वरवर बघता ठीक वाटतं, पण बिघाड तोच आहे. मराठीतलं ‘-लेला’ सगळ्या क्रियापदांना लागतं: घेतलेली सभा, बांधलेला पूल, घडलेला अपघात, मेलेला माणूस. इंग्रजीत नामाला चिकटणारं ‘-ईडी’ रूप साधारणपणे ‘गेला’च्या चाचणीत पास होणाऱ्या क्रियापदांनाच मिळतं. “द मीटिंग हेल्ड ऑन मंडे वॉज शॉर्ट” चालतं. “द ॲक्सिडेंट हॅपन्ड ऑन मंडे वॉज सीरियस” चालत नाही. मध्ये ‘दॅट’ घाला: “द ॲक्सिडेंट दॅट हॅपन्ड येस्टरडे वॉज सीरियस.” किंवा क्रियापदच काढा: “येस्टरडेज ॲक्सिडेंट वॉज सीरियस.” दुसरा उपाय आटोपशीर, आणि बहुतेक ठिकाणी तोच बरा.

प्रश्न विचारताना

‘डिड’ आला की भूतकाळाचं काम त्याने घेतलं. पुढचं क्रियापद मूळ रूपात जातं. “व्हाय डिड इट हॅपन्ड?” चूक. “व्हाय डिड इट हॅपन?” बरोबर. “व्हेन”, “व्हेअर”, “हाउ” यांनाही हेच.

‘व्हॉट’चं मात्र वेगळं. “व्हॉट हॅपन्ड?” यात ‘व्हॉट’ हाच कर्ता आहे, म्हणून ‘डिड’ लागत नाही. “व्हॉट डिड हॅपन?” हे अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ “मग झालं तरी काय?” असा जोर देऊन विचारलेला. साध्या चौकशीला तो लावू नका. प्रश्न दुसऱ्या वाक्यात शिरला की ‘डिड’ पुन्हा गळतो: “टेल मी व्हाय इट हॅपन्ड.” इथे “टेल मी व्हाय डिड इट हॅपन” लिहिणारे पुष्कळ.

फोनवर समोरचं नीट ऐकू आलं नाही की आपण “काय झालं?” म्हणतो आणि इंग्रजीतही “व्हॉट हॅपन्ड?” विचारतो. परदेशी माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, काहीतरी वाईट घडलंय अशी शंका तुम्हाला आली. तिथे “सॉरी?” किंवा “कुड यू से दॅट अगेन?” म्हणा. आणि मुलगा पेपर देऊन आला की “व्हॉट हॅपन्ड टू युअर एक्झाम?” विचारू नका. त्यातून परीक्षेचं काहीतरी बिनसलं असा अर्थ निघतो. “पेपर कसा गेला?” म्हणजे “हाउ डिड द पेपर गो?” इथे मराठी आणि इंग्रजी दोघीही ‘जाणे’च वापरतात, तेव्हा हे लक्षात ठेवायला सोपं.

याच ‘टू’वरून आणखी एक. “व्हॉट हॅपन्ड टू द लिफ्ट?” म्हणजे लिफ्टला काय झालं, ती बिघडली का. “व्हॉट हॅपन्ड विथ माय ॲप्लिकेशन?” म्हणजे अर्जाचं पुढे काय झालं. “व्हॉट हॅपन्ड ऑफ” असं काही नसतं.

प्रत्येक ‘झालं’ म्हणजे ‘हॅपन’ नव्हे

‘वॉज’ची चूक डोळ्याला दिसते. ही दुसरी चूक व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही बहुधा दिसत नाही, आणि ती जास्त पसरलेली आहे. मराठीतलं ‘झालं’ हे फार कष्टाळू क्रियापद आहे. बनणे, संपणे, मिळणे, जन्मणे, बिघडणे, भरणे, सगळी कामं ते एकटं करतं. इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे.

इथे दुसरी चाचणी वापरा. वाक्यातलं ‘झालं’ काढून ‘घडलं’ ठेवा. “अपघात घडला”, “विचित्र प्रकार घडला”, “असं घडलंच कसं?” हे कानाला पटतं, म्हणजे ‘हॅपन’चा विचार करता येईल. “जेवण घडलं”, “पाऊस घडला”, “लग्न घडलं”, “उशीर घडला” असं कुणी बोलत नाही. म्हणजे ‘हॅपन’ बाजूला ठेवा.

जेवण झालं: “आय हॅव ईटन.” काम झालं: “द वर्क इज डन.” इथला ‘इज’ बरोबर आहे, कारण काम केलं जातं. लग्न झालं: “दे गॉट मॅरीड.” मुलगी झाली: “दे हॅड अ बेबी गर्ल.” ती डॉक्टर झाली: “शी बिकेम अ डॉक्टर.” तो पास झाला: “ही पास्ड”, त्यात ‘वॉज’ नको. डेंगी झाला: “ही गॉट डेंगी.” रात्रभर पाऊस झाला: “इट रेन्ड ऑल नाइट.” अंधार झाला: “इट गॉट डार्क.” नवी पेठेत गर्दी झाली: “अ क्राउड गॅदर्ड इन नवी पेठ.” उशीर झाला: “वी आर लेट”, आणि माल उशिरा गेला असेल तर “द शिपमेंट वॉज डिलेड.” नुकसान झालं: “वी सफर्ड अ लॉस.” चूक झाली: “आय मेड अ मिस्टेक.” मराठीत “माझ्या हातून चूक घडली” असंही आपण म्हणतो, त्यामुळे चाचणी इथे किंचित डगमगते. पण माफी मागताना “अ मिस्टेक हॅपन्ड” लिहिलं की जबाबदारी झटकल्यासारखं वाचतं. गिऱ्हाइकाला लिहिताना “वी मेड अ मिस्टेक” हेच लिहा.

दुकानात “किती झाले?” म्हणजे “हाउ मच इज इट?” आणि “सोलापुरात येऊन दहा वर्षं झाली” म्हणजे “इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स वी केम टू सोलापूर.” यातही ‘हॅपन’ कुठे नाही.

आग, युद्ध, भांडण, साथ या अचानक भडकणाऱ्या गोष्टींना इंग्रजीत ‘ब्रेक आउट’ शोभतं: “अ फायर ब्रोक आउट.” वीज गेली तर “देअर वॉज अ पॉवर कट.” हे ‘देअर वॉज’ फार कामाचं आहे. शब्द सुचत नसेल तेव्हा “देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट”, “देअर वॉज अ फाइट”, “देअर वॉज अ शॉर्ट सर्किट” असं लिहिलं की वाक्य शुद्ध राहतं आणि मनातल्या ‘वॉज’लाही हक्काची जागा मिळते. ज्यांच्या हातून ‘वॉज’ काही केल्या सुटत नाही, त्यांनी आधी हीच सवय लावावी.

एक पत्र दुरुस्त करून

समजा लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडला आग लागली आणि विमा कंपनीला कळवायचं आहे. पहिला खर्डा असा होतो:

“द फायर वॉज हॅपन्ड इन अवर युनिट ॲट येस्टरडे नाइट. इट वॉज हॅपन्ड ड्यू टू शॉर्ट सर्किट. लॉस ऑफ सिक्स लूम्स इज हॅपन्ड. पंचनामा इज ऑल्सो हॅपन्ड. बिफोर टू मंथ्स सेम थिंग वॉज हॅपन्ड.”

आता एकेक वाक्य. आग लागली: “अ फायर ब्रोक आउट इन अवर युनिट ॲट अबाउट २.३० ए. एम. ऑन १४ मार्च.” पत्रात ‘काल’ लिहू नका, तारीख लिहा. कागद फाइलला लागल्यावर ‘काल’ला अर्थ उरत नाही. बोलताना काल रात्र म्हणजे ‘लास्ट नाइट’, त्याच्या मागे ‘ॲट’ नाही. ‘येस्टरडे’, ‘लास्ट मंडे’, ‘धिस मॉर्निंग’ यांच्याही मागे काही लागत नाही. तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’, घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’.

कारण: “इट वॉज कॉज्ड बाय अ शॉर्ट सर्किट.” शॉर्ट सर्किटने आग घडवली, म्हणून इथला ‘वॉज’ खरा.

नुकसान: “सिक्स लूम्स वेअर डॅमेज्ड.” लूम पूर्ण जळून गेले असतील तर ‘डिस्ट्रॉइड’. विम्याच्या कागदात या दोन शब्दांत पैशांचा फरक पडतो, तेव्हा विचार करून लिहा. ‘लॉस हॅपन्ड’ने यातलं काहीच कळत नाही.

पंचनामा: “अ पंचनामा वॉज कॅरीड आउट द सेम मॉर्निंग.”

दोन महिन्यांपूर्वी: “अ सिमिलर इन्सिडेंट ऑकर्ड टू मंथ्स अगो.” ‘बिफोर टू मंथ्स’ हे ‘दोन महिन्यांपूर्वी’चं शब्दशः रूप आहे, इंग्रजीत आकडा आधी आणि ‘अगो’ नंतर.

खर्ड्यात ‘हॅपन्ड’ पाच वेळा होतं, दुरुस्त पत्रात एकदाही नाही. पुष्कळदा इलाज हाच असतो: ‘हॅपन’चं रूप सुधारत बसण्यापेक्षा नेमकं क्रियापद शोधणं.

पाठवण्याआधीची तपासणी

मजकूर टाइप झाला की कंट्रोल आणि एफ दाबून ‘हॅपन’चं इंग्रजी स्पेलिंग शोधा. जिथे जिथे सापडेल तिथे डावीकडचा शब्द बघा.

‘-ईडी’वालं रूप असेल आणि डावीकडे ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ किंवा घटनेचं नाव असेल, तर पुढे जा. डावीकडे ‘इज’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’, ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’ किंवा ‘टू’ असेल, तर थांबा. ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’, ‘टू’ यांच्यापुढे मूळ रूप हवं. ‘बीन’पुढे ‘हॅपनिंग’ हवं: “धिस हॅज बीन हॅपनिंग फॉर थ्री डेज.” सलग चालत आलेल्या बिघाडाची तक्रार याच वाक्याने करायची. “इट इज हॅपनिंग सिन्स थ्री डेज” असं नको.

मूळ रूपाच्या डावीकडे एकवचनी नाम असेल तर शेवटी ‘एस’ राहिला का ते बघा: “समटाइम्स इट हॅपन्स.” पण “आय सॉ इट हॅपन”, “लेट इट हॅपन”, “मेक इट हॅपन” यांत ‘एस’ही नाही आणि ‘-ईडी’ही नाही.

स्पेलिंगमध्ये दोन ठिकाणी हात अडखळतो. ‘हॅपन्ड’मध्ये पी दोन, पण एन एकच, आणि एनच्या पुढचा ई गाळायचा नाही. उच्चारात तो ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना निसटतो. उलट ‘हॅपनेड’ असा उच्चारही करायचा नाही. ‘ऑकर्ड’मध्ये सी दोन आणि आरसुद्धा दोन. असं का? ‘हॅपन’मध्ये आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून शेवटचं अक्षर दुप्पट होत नाही. ‘ऑकर’मध्ये आघात शेवटच्या अवयवावर आहे, म्हणून ‘-ईडी’ किंवा ‘-आयएनजी’ लागताना आर दुप्पट होतो. नुसत्या ‘ऑकर’मध्ये आर एकच, ‘ऑकरन्स’मध्ये पुन्हा दोन.

‘ऑकर’ औपचारिक आहे. अहवाल, तक्रार, मशीनची नोंदवही यांत ते शोभतं: “वार्प ब्रेकेजेस ऑकर्ड ट्वाइस इन द नाइट शिफ्ट”, म्हणजे रात्रपाळीत ताण्याचे धागे दोनदा तुटले. मित्राच्या मेसेजमध्ये ते जड होतं. त्याचा एक वेगळा उपयोगही आहे: “इट ऑकर्ड टू मी दॅट…” म्हणजे माझ्या मनात आलं की. या जागी ‘हॅपन्ड टू मी’ लिहिलं तर अर्थ “माझ्या बाबतीत घडलं” असा होतो.

‘हॅपन्ड’च्या उजवीकडे ‘टू’ आणि त्यापुढे क्रियापद दिसलं तर ती चूक समजून खोडू नका. “आय हॅपन्ड टू मीट हिम ॲट पार्क चौक” म्हणजे पार्क चौकात तो योगायोगाने भेटला. “डू यू हॅपन टू नो द टायमिंग्ज?” हा “तुम्हाला वेळा माहीत आहेत का हो?” मधला अदबीचा ‘हो’ आहे. अनोळखी माणसाला काही विचारायचं असेल तर हे वाक्य जरूर वापरा.